लेआउट (जमिनीचे प्लॉट आणि रस्ते पाडण्याचा नकाशा) मंजूर झाला म्हणजे रस्त्याचं नावही पक्कं झालं का?

नाही, ही दोन वेगळी कामं आहेत. महाराष्ट्रात भूखंड पाडायची परवानगी 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातल्या कलम 44 खाली मागतात. नकाशा बहुतेकदा रस्त्यांमधल्या त्रुटींमुळेच परत येतो. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (बांधकाम आणि लेआउटचे राज्याचे नियम) 150 मीटरपर्यंत लांबीच्या निवासी अंतर्गत रस्त्याला 9 मीटर रुंदी लागते. पुढे लांबीप्रमाणे रुंदी वाढते. प्लॉट वाढवायला 6 मीटरचा बोळ आखला की त्रुटीचं पत्र ठरलेलंच. जमीन 0.4 हेक्टर किंवा जास्त असेल तर 10 टक्के मोकळी जागाही सोडावी लागते. प्लॉट घेताना ‘तात्पुरती मंजुरी’ वाचून पैसे मोजू नका. रस्ते, गटारं झाल्यावर, मोजणी होऊन मिळणारी अंतिम मंजुरी बघा.

नावासाठी आधी रस्ता पालिकेकडे हस्तांतरित झालाय का ते तपासा. इथेच गाडी अडते: विकासक निघून जातो आणि रस्ता कागदावर खासगीच राहतो. रस्ता पालिकेच्या ताब्यात गेला असेल तर रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज, मंजूर नकाशाची प्रत आणि रस्ता कुठून कुठपर्यंत याचं स्पष्ट वर्णन द्या. शेवटी पालिकेच्या सभागृहाचा ठराव लागतो. त्याच गावात तेच किंवा मिळतंजुळतं नाव असेल तर दुसरं सुचवा, रुग्णवाहिका चुकीच्या गल्लीत जाणं परवडत नाही. जातिवाचक नावं तर 2020 च्या शासन निर्णयानंतर सुचवूच नयेत. सोसायटीने स्वतः लावलेली पाटी ठरावाची जागा घेत नाही.