आई रोज खानापूरहून बेळगावला बसने जाते. मोबाईल चोरीला गेला तर काय करायचं?

आजच आईच्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल, तो घरच्या वहीत लिहून ठेवा. नंतर शोधायला गेलात तर खोक्यावर मिळेलही, पण खोकं कोण जपून ठेवतं?

फोन गेलाच तर आधी सिम बंद करा, पोलिसांत नंतर जा. बहुतेक जण उलटं करतात आणि तेवढ्यात खात्यातले पैसे जातात. चोर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालतो, ओटीपी त्याच्याकडे येतात. म्हणून सिमला पिन लावून ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतो. मग बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा.

पोलीस तक्रारीची प्रत आणि त्याच नंबरचं नवं सिम हाती आलं की संचार साथी या सरकारी पोर्टलवर वहीतला आयएमईआय नंबर देऊन फोन ब्लॉक करता येतो. ही सोय २०२३ पासून देशभर आहे, त्यामुळे फोन कोल्हापूरला विकला गेला तरी तिथेही बंदच राहतो. ठाण्यात कन्नड लिहिणारं कुणी सोबत असलं तर बरं.

आणि गर्दीत चढताना फोन पिशवीत वर नको, आतल्या कप्प्यात ठेवायला सांगा.