अनुदान आधी की कर्ज आधी?

"उद्योग सुरू करायचा आहे; परत फेडावे लागणार नाही असे अनुदान कुठे मिळते, तेवढे सांगा." नव्याने व्यवसायात उतरू पाहणाऱ्या बहुतेकांचा माझ्याकडे सल्ल्याला आल्यावर पहिला प्रश्न हाच असतो. मंगळवेढ्याजवळच्या एका गावातून आलेल्या ताईंनीही तोच विचारला होता. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांची हकीकत येथे मांडते आहे, कारण त्यांची काळजी अनेकांची आहे.

ताई गेली चार वर्षे घरीच ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करून सोलापुरातल्या काही दुकानांना देत होत्या. मागणी वाढली होती, हात पुरत नव्हते आणि भाकरीचे यंत्र घ्यावे असे त्यांच्या मनात होते. त्याच सुमारास ओळखीतून आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना सांगितले होते की, आधी यंत्र घ्या, बिल माझ्याकडे द्या, सरकारकडून पैसे काढून देतो आणि फाईलचे म्हणून १५,००० रुपये तेवढे आगाऊ लागतील. ताईंनी पैसे अजून दिले नव्हते, परंतु त्यासाठी बचत गटातून कर्ज उचलण्याची तयारी झाली होती. त्या दिवशी मी सर्वांत आधी तो व्यवहार थांबवायला सांगितले. नव्या छोट्या उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतो, त्यासाठी कोणताही मध्यस्थ नेमलेला नाही, आणि कर्ज मंजूर होण्यापूर्वी स्वतःच्या पैशाने घेतलेले यंत्र नंतर अनुदानात बसवता येत नाही.

यानंतर जे सांगावे लागते ते ऐकताना समोरच्या माणसाचा चेहरा उतरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. छोट्या उद्योगासाठीच्या आपल्याकडील प्रमुख योजनांमध्ये अनुदान हे कर्जाला जोडलेले असते. बँकेने कर्ज मंजूर केले तरच अनुदान येते, आणि तेही हातात येत नाही. मुद्रा योजनेत तर अनुदान मुळीच नाही. ते विनातारण कर्ज आहे. ताईंनी हे ऐकून विचारले, "मग मॅडम, लोक फुकट पैसे मिळाले म्हणतात ते काय?" मी त्यांच्यापुढे कागद ओढला आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांच्याच उद्योगाचे आकडे मांडले.

यंत्र आणि पॅकिंगचे सामान ३,२०,००० रुपये, शेड आणि विजेचे काम १,००,००० रुपये, हे त्यांना आधीच माहीत होते. माल उधारीवर जातो का, असे विचारल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली. दुकानदार पंधरा ते वीस दिवसांनी पैसे देत होते आणि तोवर ज्वारी, शेंगदाणे, मिरची घरखर्चातून विकत घेतली जात होती. यंत्र आल्यावर माल तिप्पट होणार, म्हणजे उधारीही तिप्पट होणार, हा विचार कोणीही त्यांच्यासमोर मांडलेला नव्हता. त्या वहीच्या आधारावर आम्ही खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे कच्चा माल आणि उधारी सांभाळायला लागणाऱ्या पैशासाठी, १,८०,००० रुपये धरले आणि प्रकल्प ६,००,००० रुपयांचा झाला. माझ्या मते त्या भेटीत त्या वहीइतके मोलाचे दुसरे काहीच नव्हते.

योजना निवडतानाही त्याच वहीचा उपयोग झाला. अन्नप्रक्रिया करणाऱ्यांसाठी २०२० पासूनची केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना आहे आणि तिच्यात ३५ टक्के अनुदान मिळते, कमाल १० लाख रुपये. मात्र ते खेळत्या भांडवलावर मिळत नाही. म्हणजे ताईंच्या बाबतीत ४,२०,००० रुपयांवर हिशेब होऊन १,४७,००० रुपये आले असते, शिवाय स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागले असते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, म्हणजे २,१०,००० रुपये, आणि स्वतःची गुंतवणूक ५ टक्के, म्हणजे ३०,००० रुपये. ती रक्कम त्यांच्याकडे होती. या कार्यक्रमातून पहिले कर्ज फक्त नव्या उद्योगालाच मिळते. त्यामुळे ताईंचे घरगुती काम आधीपासूनचा उद्योग धरले जाईल का, हे अर्जापूर्वीच जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यायला मी सांगितले. एकाच खर्चावर दोन योजनांतून अनुदान घेता येत नसल्यामुळे ही निवड आधीच करणे भाग होते.

रोजगार निर्मिती कार्यक्रमात उरलेल्या ९५ टक्क्यांना, म्हणजे ५,७०,००० रुपयांना, बँक कर्ज म्हणून मंजुरी देते. अनुदानाची रक्कम बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीत राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्याच कर्जावर व्याज लागतही नाही. म्हणून ताईंवर प्रत्यक्ष व्याजाचा भार ३,६०,००० रुपयांवर पडणार होता. व्याजदर ११ टक्के आणि मुद्दल कायम धरले तरी वर्षाला ३९,६०० रुपये होतात. एवढे व्याज आणि कर्जाचा हप्ता भरून महिन्याला किती भाकऱ्या विकाव्या लागतील, हे ताईंनी स्वतः मांडले. अनुदान आले नाही असे समजूनही तोच हिशेब करायला मी सांगितले. तेव्हा नफा फारच थोडा उरत होता, पण उरत होता, आणि म्हणूनच मी त्यांना पुढे जायला सांगितले. तो उणे आला असता तर अर्ज करू नका, असेच मी सांगितले असते.

"प्रकल्प दहा लाखांचा दाखवला तर अनुदान जास्त येईल ना?" हेही त्यांनी विचारले. येईल, परंतु कर्जही वाढेल. शिवाय खेळत्या भांडवलाची मंजूर मर्यादा ठरल्याप्रमाणे वापरली गेली नाही, तर त्या प्रमाणातले अनुदान परत घेतले जाते.

पहिल्या बँकेने अर्ज परत पाठवला. कारण विचारायला मी ताईंना एकटीलाच जायला सांगितले, कारण उद्योग त्यांचा होता आणि उत्तरेही त्यांनाच द्यायची होती. विक्रीचा पुरावा नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. ताईंनी दोन महिने दुकानदारांकडून पैसे खात्यावर घेतले, चार दुकानांची मागणीपत्रे आणली, आणि दुसऱ्या वेळी अर्ज मंजूर झाला. उद्योजकता प्रशिक्षण पूर्ण झाले, आणि यंत्राचे पैसे बँकेने दरपत्रकाप्रमाणे थेट विक्रेत्याला दिले.

आता उद्योग दुसऱ्या वर्षात आहे. गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला होता. मुलगा सोलापुरात राहतो, तिथे भाड्याने गाळा मिळतो आहे, माल पोचवायला सोपे जाईल, तर यंत्र तिकडे हलवू का? मी नको म्हणाले. अनुदान ग्रामीण भागाच्या दराने मंजूर झालेले आहे आणि तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी झाल्यावरच ते कर्जात वळते होणार आहे. पाहणीला आलेल्या माणसाला गावातल्या शेडमध्ये यंत्र चालू दिसले पाहिजे. हलवायचेच असेल तर आधी बँकेला लेखी विचारा, असे सांगितले. ताई गावातच थांबणार आहेत; सोलापूरच्या गाळ्यात सध्या फक्त माल ठेवायचे ठरले आहे.