टेंडरवालं इंजिन हाताळताना

मॉडेल रेल्वेतलं ओओ गेजचं (खऱ्याच्या १:७६ आकाराचं) टेंडरवालं, म्हणजे मागे कोळसा-पाण्याचा डबा जोडलेलं, वाफेचं इंजिन खोक्यातून काढताना नुसतं बॉयलरला धरून उचलू नका. टेंडर मागे लोंबकळतो आणि सगळा भार ड्रॉबारवर (दोघांना जोडणाऱ्या दांडीवर) नि शेजारच्या केसाएवढ्या वायरींवर येतो. बऱ्याच मॉडेलांत टेंडरची चाकंही रुळांतून वीज घेतात. त्यातली एक वायर तुटली की इंजिन पॉइंटवर (रूळ फुटतात त्या सांध्यावर) अडखळलंच म्हणून समजा. एक हात इंजिनाखाली, एक टेंडरखाली, आणि चाकांजवळच्या कनेक्टिंग रॉडना (बारीक दांड्यांना) बोट लागू द्यायचं नाही.

ड्रॉबारला दोन भोकं असतील तर जवळचं भोक दिसायला झकास, पण ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणावर कॅब (ड्रायव्हरची केबिन) टेंडरला घासून गाडी रुळावरून उतरू शकते. सोबतच्या पाकिटातले ड्रेन कॉकही (सिलिंडरखाली लावायच्या बारीक नळ्या) तसेच, इंजिनाच्या पुढच्या छोट्या चाकांच्या बोगीला अडतात. ते शोकेसपुरते ठेवा.

टेंडरमधला प्लास्टिकचा कोळसा मात्र बदलाच. खरा कोळसा फडक्यात बांधून फोडा, चहाच्या गाळणीने भुकटी काढा, एक-दोन मिमीचे खडे ठेवा. फेविकॉल आणि पाणी समसमान, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. नाहीतर मिश्रण खड्यांत न शिरता वरच राहतं. खाली आधी क्लिंग फिल्म अंथरा, म्हणजे ढीग सुकल्यावर अख्खा उचलता येईल. हे लागतं, कारण डिकोडर (इंजिन चालवणारी डिजिटल चिप) किंवा स्पीकर बहुधा तिथेच खाली असतो.

कॅबच्या खिडक्यांजवळ फेविक्विक वापरू नका. त्याच्या वाफेने काच पांढरी पडते.