विनोदी गाण्याची लाज

प्रिय विद्यार्थीमित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

शास्त्रीय संगीताचा रियाज सुरू केल्यापासून लोकप्रिय आणि विनोदी गाणी ऐकताना चोरी केल्यासारखे वाटते, असे तू लिहिले आहेस. शास्त्रीय संगीताला कष्ट लागतात म्हणून ते श्रेष्ठ आणि विनोद म्हणजे हलके काम, असेही तुझे म्हणणे आहे. ही लाज जुनी आहे. कामिय सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराने १८८६ मध्ये ‘कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स’ ही खट्याळ रचना केली. तिच्यात कासवांसाठी त्याने ऑफेनबाख या संगीतकाराचे भरधाव नृत्यसंगीत मुद्दाम रेंगाळत वाजवायला लावले आणि प्राण्यांच्या रांगेत स्वर घोकणाऱ्या पियानोवादकांनाही उभे केले. (मी शिकवणारा माणूस, त्यामुळे हा टोला मला फार आवडतो.) पण आपल्या गंभीर लौकिकाला बाधा येईल या धास्तीने, त्यातील हंसावरचा भाग वगळता बाकी काही त्याने हयातीत छापू दिले नाही. १९२१ मध्ये तो वारला आणि १९२२ मध्ये ती रचना प्रसिद्ध झाली. आज त्याच्या सर्वांत परिचित रचनांत तिची गणना होते.

श्रेष्ठ म्हणायचे तर कोणत्या कामात श्रेष्ठ, हे आधी ठरवावे लागते. एकच राग तासभर उलगडत नेऊन ऐकणाऱ्याला त्यात बुडवून ठेवण्याचे सामर्थ्य तीन मिनिटांच्या गाण्यात नसते, आणि कोणाचे मन राखण्यासाठी मी ते नाकारणार नाही. मात्र त्या छोट्या गाण्याला पसरायला जागाच नसल्यामुळे पहिल्याच ओळीत चाल कानात बसवावी लागते, आणि ते मोठमोठ्या ख्यालगायकांनाही जमेलच असे नाही. राहिला कष्टांचा मुद्दा. वर्षानुवर्षे रियाज करूनही कंटाळवाणे गाणारे तू ऐकले असशीलच. शिवाय आज आपण ज्याला भारदस्त मानतो, त्या ख्यालालाही ध्रुपदाच्या अभिमान्यांनी एके काळी हलकाच मानले होते.

विनोदाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण तुझा खरा गैरसमज तिथे आहे. हायडन या संगीतकाराच्या १७८१ च्या एका चतुर्वादनाच्या (चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेच्या) शेवटी मुख्य चालीचे तुकडे होतात आणि त्यांच्या मध्ये शांतता येते. संपले असे वाटावे तोच पुढचा तुकडा सुरू होतो. मग एक लांबलचक थांबा येतो, सुरुवातीचा तुकडा अगदी हळू आवाजात पुन्हा वाजतो आणि रचना खरोखरच संपते. ती शांतता कमीजास्त झाली, तर हसू येत नाही. म्हणजे तिथला विनोद स्वरांइतकाच मोजून धरलेल्या लयीत आहे, आणि समेवर नेमके येण्यासाठी तू जी लय घोटतोस, तीच इथेही लागते. मोझार्टने १७८७ मध्ये अडाणी संगीतकाराची थट्टा करणारी रचना केली, तीही अशीच. नेमके चुकीचे लिहिण्यासाठी बरोबर काय ते पक्के ठाऊक असावे लागते.

पुढच्या वेळी येशील तेव्हा तुझे आवडते विनोदी गाणे हाताने ताल धरून म्हणून दाखव. हशा नेमका कोणत्या मात्रेवर पिकतो, ते आपण दोघे मिळून शोधू.

तुझा,
शिक्षक