‘स्ट्राइड’ला मराठीत ढांगच म्हणावं

प्रश्न असा आला आहे: शंभर मीटर शर्यतीवर लिहिताना ‘स्ट्राइड लेंग्थ’ला ‘पावलाची लांबी’ आणि ‘स्ट्राइड फ्रीक्वेन्सी’ला ‘पावलांचा वेग’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही टाळावेत. पावलाची लांबी म्हणजे टाचेपासून अंगठ्यापर्यंतचं माप, जे चपलांच्या दुकानात घेतात. इथे हवं आहे ते एक पाय टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत कापलेलं अंतर, आणि त्याला ‘ढांग’ हा उत्तम शब्द आपल्याकडे आहेच. काही जण ‘ढेंग’ म्हणतात, तेही चालेल. मुळात रोजच्या बोलण्यात आपण हा फरक पाळतोच. ‘लांब ढांगा टाकत गेला’ यात अंतर दिसतं, ‘झपाझप पावलं उचल’ यात घाई.

‘पावलांचा वेग’ मात्र खरोखर घोटाळ्यात टाकतो, कारण धावण्याचा वेग हा ढांगेची लांबी आणि दर सेकंदाला पडणाऱ्या ढांगा यांचा गुणाकार असतो. २००९ च्या बर्लिनमधल्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्टने ९.५८ सेकंदांत शर्यत जिंकली, ती सुमारे ४१ ढांगांत. म्हणजे सरासरी ढांग २.४४ मीटर आणि सेकंदाला साधारण ४.२८ ढांगा. दुसरा आलेला टायसन गे ९.७१ सेकंदांत पोहोचला, त्याला सुमारे ४५ ढांगा लागल्या. त्याचे पाय बोल्टपेक्षा भरभर पडत होते, तरी तो मागे राहिला! इथे ‘गेच्या पावलांचा वेग जास्त होता’ असं छापलं, तर वाचकाला वाटेल तोच जिंकला. म्हणून ‘ढांगांची वारंवारता’ म्हणावं. शब्द जड वाटतो हे खरं, पण भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तो सगळ्यांनी वाचलेला आहे. बातमीत ‘सेकंदाला इतक्या ढांगा’ एवढं लिहिलं तरी भागतं.

एक खबरदारी हवी. धावण्याचे प्रशिक्षक एका ढांगेलाही सर्रास ‘स्ट्राइड’ म्हणतात. चालण्या-धावण्याचा शास्त्रीय अभ्यास करणारे मात्र तिला ‘स्टेप’ म्हणतात. त्यांची ‘स्ट्राइड’ उजवा पाय टेकल्यापासून पुन्हा उजवाच टेकेपर्यंतची, म्हणजे दोन ढांगांची असते. त्या हिशेबाने बोल्टची सरासरी स्ट्राइड ४.८८ मीटर होते. त्यामुळे आकडा उचलण्याआधी मूळ लेखात कोणता अर्थ आहे ते बघावं, आणि दुसरा असेल तर सरळ ‘तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतचं अंतर’ असं लिहावं.