शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं, त्याबद्दल

ताई, तुमचा मुलगा दहावीत. चतुर्थीच्या सुट्टीनंतर शाळेचं नाव काढलं की पोट धरून बसतो, रात्री दोनपर्यंत मोबाइल, दिवसा खोलीचं दार बंद. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. हा आळस की आजार, आणि लॉकडाऊनला इतकी वर्षं झाल्यावर त्याचा काय संबंध, असं तुम्ही विचारलंय. मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या हायस्कुलात बावीस वर्षं शिकवते, त्यावरून सांगते.

संबंध आहे. वर्षं मोजून बघा. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो चौथीत होता. आपल्याकडे चौथीला प्राथमिक शाळा सुटते. म्हणजे नवं हायस्कूल, नवे सर, नवी मुलं त्याला मोबाइलवरच भेटली. शाळा पुरती सुरू व्हायला फेब्रुवारी 2022 उजाडला, तोवर सहावी संपत आली. मागे पडलेले धडे आम्ही भरून काढले. पण डबा खायला कुणाशेजारी बसायचं, भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी परत कसं बोलायचं, हे कोण भरून काढणार होतं?

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी नेटवर्क नव्हतं. ती छत्री घेऊन डोंगरावरच्या सड्यावर बसायची, एक तास चुकवायची नाही. आम्ही सगळे तिचं कौतुक करायचो. शाळा उघडल्यावर मधल्या सुट्टीत पाहिलं, तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. मास्क हनुवटीपर्यंत ओढायची, घास घ्यायची, लगेच मास्क वर. सक्ती उठल्यावरही कित्येक महिने तो सुटला नाही. "माझं तोंड कोणी बघितलेलंच नाही, मिस," एवढंच म्हणाली. मार्क चांगले, म्हणून आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते मला अजून लागून राहिलंय.

तुमचं काही चुकलं म्हणून हे झालं असं धरून बसू नका. 2021 साली जगभरातल्या 29 अभ्यासांतल्या ऐंशी हजारांवर मुलांची आकडेवारी एकत्र पाहिली, तेव्हा साधारण चारांतल्या एकात नैराश्याची आणि पाचांतल्या एकात चिंतेची ठळक लक्षणं दिसली होती.

त्याची पोटदुखी खोटी नाही, भीतीनं पोट खरंच दुखतं. पण घरी ठेवलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि उद्याची शाळा आणखी अवघड होते. क्लास टीचरना भेटा. सुरुवातीला दोनच तास बसू दे, मग मधल्या सुट्टीपर्यंत, असं वाढवत न्या. मोबाइल हिसकावू नका, मित्र असतील तर तेही त्यातच आहेत. आधी उठायची वेळ पक्की करा आणि सकाळी त्याला बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, उजेडात बसवा. या वयात झोप मुळातच उशिरा येते, आणि लागते आठ-दहा तास.

समोर बसवून "काय झालं, सांग" म्हटलं तर तो आणखी मिटेल. हाताला काम द्या. आमच्या शाळेतला एक मुलगा घुमट आरतीच्या, म्हणजे घुमट हे मातीचं वाद्य वाजवत म्हणायच्या आरतीच्या, तालमीमुळे सावरला. रांगेत बसायचं, लक्ष हातावर, कोणाशी बोलायची सक्ती नाही. महिन्याभरानं तोच इतरांना ताल दाखवत होता.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, जेवण सुटलं असेल, तर थांबू नका. बांबोळीला गोमेकॉजवळ (गोवा मेडिकल कॉलेज) मानसोपचार इस्पितळ आहे, आयपीएचबी. तिथं गेलं म्हणजे पोर वेडं ठरत नाही. लोक काय म्हणतील ते मी बघून घेईन, असं घरातल्या मोठ्यांना सांगा. रात्री-अपरात्री 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावता येतो, 24 तास, फुकट.

आणि "जीव नकोसा वाटतो का रे?" असं त्याला सरळ विचारा. विचारल्यानं तसं काही डोक्यात भरत नाही. "हो" म्हणाला तर त्याला एकटा ठेवू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी बांबोळी गाठा.