आधी पुठ्ठा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

"मावशी, मी नक्की काय शिकू? लेझर, थ्रीडी प्रिंटिंग, अर्डुइनो, की आधी डिझाइनचा कोर्स करू?" असा तुझा मेसेज आणि खाली कंदिलाचे फोटो. गणपतीत आलास तेव्हाही हेच विचारत होतास, तेव्हा मी चहा पुढे करून विषय बदलला. या वेळी फोटो मोठे करून बघितले आणि राहवेना. तुझा कंदील जुळत नाहीये, का जुळत नाही ते कळत नाहीये, म्हणून तू कोर्स शोधत बसलायस. गोंधळ एवढाच आहे.

तर आधी कंदील. १८ चौकोन, ८ त्रिकोण, सगळ्या कडा सारख्या, ३ मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), कडांना दातेरी खाचा. स्क्रीनवर देखणा दिसतो, मान्य. टेबलावर मात्र दोन तुकडे एकमेकांत शिरायला तयार नाहीत आणि तिसरा शिरलाय तो ठोकून, हे कडेच्या उडालेल्या टवक्यावरून दिसतंय.

आधी पुठ्ठा. किती वेळा सांगितलं असेल मी तुला? दर वेळी मान डोलावतोस आणि घरी जाऊन थेट फाइल बनवतोस.

दातेरी खाच काटकोनात चालते. डबा कर, खोका कर, मस्त बसते. तुझ्या कंदिलात तुकडे काटकोनात कुठेच भेटत नाहीत. ४८ कडांवर तुकडे एकमेकांना भेटतात. त्यातल्या निम्म्या ठिकाणी चौकोनाला चौकोन, तिथे कोन १३५ अंशांचा. उरलेल्या निम्म्या ठिकाणी चौकोनाला त्रिकोण, तिथे १४५ च्या किंचित अलीकडे. स्क्रीनवर तू जे जोडलंस त्याला जाडीच नव्हती, म्हणून सगळं गुण्यागोविंदाने जुळलं. एमडीएफला जाडी आहे. सरळ कापलेल्या दोन कडा अशा कोनात आणल्यास की एक तर आतून एकमेकींवर चढतात, नाहीतर बाहेरून फट राहते. तिसरा मार्ग म्हणजे कड तिरपी कापणं, आणि ते आपला साधा लेझर करत नाही, तो वरून खाली सरळ कापतो.

हे सगळं तुला किराणा दुकानातल्या तीन पदरी पुठ्ठ्याच्या खोक्याने तासाभरात सांगितलं असतं. त्याची जाडी साधारण तुझ्या एमडीएफएवढीच असते. एक चौकोन, त्याला लागून दुसरा, वर एक त्रिकोण, बस, तीन तुकडे. कटरने कापायचे, हातात धरून एकमेकांना लावायचे. कड कुठे अडते ते बोटाला कळतं. तू त्याऐवजी अख्खी शीट कापून आणलीस आणि मिनिटावर पैसे मोजलेस. पैशांचं जाऊ दे. वाईट याचं वाटतं की कापून झाल्यावर माणूस त्या तुकड्यांशी भांडत बसतो, त्यांना बसवायलाच बघतो. पुठ्ठ्याशी कुणी भांडत नाही. नाही जमलं, फेकला, दुसरा घेतला.

आता म्हणशील, पुठ्ठा लेझरची चीर थोडीच सांगतो? नाही सांगत, खरंय. लेझर जिथून जातो तिथलं थोडं लाकूड जळून जातं, ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास, मशीनप्रमाणे आणि भिंगाप्रमाणे कमीजास्त. आणि दुकानात '३ मिमी' म्हणून मिळालेलं एमडीएफ कॅलिपरने मोज, २.७ निघेल, २.८ निघेल, ३ क्वचित. त्यासाठी त्याच शीटच्या कोपऱ्यात एक फणी कापायची. खाचा २.५ पासून ३ पर्यंत, दर खाचेला ०.१ ची वाढ, आणि प्रत्येकीशेजारी आकडा कोरायचा. तुकडा ज्या खाचेत अंगठ्याच्या दाबाने जातो आणि उलटं धरल्यावर पडत नाही, ती तुझी खाच. शीट बदलली की फणी पुन्हा. पण ही फणी पुठ्ठ्यानंतरची गोष्ट आहे. आकारच चुकलेला असेल तर खाच कितीही नेमकी कापलीस तरी काय उपयोग?

आणि हो, तुझे चौकोन १०० मिलिमीटरचे १०६ आणि वर काही भरले असं लिहिलंयस, ते इंकस्केपचं, म्हणजे तुझ्या त्या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरचं दुखणं आहे, तुझं नाही. २०१७ मध्ये आलेल्या ०.९२ आवृत्तीपासून इंकस्केप एका इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरतं. लेझरवाल्याचं सॉफ्टवेअर जुनं असेल आणि ते ९० च धरत असेल, तर १०० चा बरोबर १०६.७ होतो. फाइल डीएक्सएफ या प्रकारात दे, एकक मिलिमीटर ठेव आणि कापण्याआधी त्यांच्या स्क्रीनवर एक कड मोजून घे. मालक कंटाळेल. कंटाळू दे.

मग हा कंदील करायचा कसा? मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत एकदा दिवाळीच्या महिनाभर आधी जाऊन ये, लखलखाट सुरू व्हायच्या आधी, सांगाडे बांधत असतात तेव्हा. बांबूच्या कामट्या, दोरा आणि खळ, दुसरं काही नाही. कामटीला कामटी कुठल्याही कोनात भेटो, दोऱ्याला कोन विचारावा लागत नाही. दोन वेढे, एक आडवा, गाठ. तुझ्या तुकड्यांच्या कडेपासून ३-४ मिलिमीटर आत दीड-दीड मिलिमीटरची भोकं पाड. लेझरला ते किरकोळ काम आहे, आणि हाताने तेवढी भोकं एका ओळीत पाडायची म्हणजे जीव जाईल. मग मेण लावलेल्या दोऱ्याने कड कडेला शिवून टाक. १३५ काय आणि १४५ काय, दोरा दोन्ही सांभाळतो, फणीचीही गरज उरत नाही, शिवाय शिवण बाहेरून सुंदर दिसते. संक्रांतीपर्यंत सोडवून चपटा करून माळ्यावर टाकता येईल, तो फायदा वेगळाच. पण भोकं किती अंतरावर हवीत, टोकाला किती जागा सोडायची, हे मला विचारू नकोस. पुठ्ठ्यात दाभणाने पाडून बघ.

तुझे ते सर म्हणतात ना, 'हे धड क्राफ्ट नाही आणि धड इंजिनिअरिंग नाही'? त्यांना पाबळ माहीत आहे का विचार. पाबळ म्हटलं की लोकांना मस्तानीची कबर आठवते. मला आठवतो विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या कोरड्या गावात आले आणि शाळेत न रमलेल्या पोरांना वेल्डिंग, शेती, वायरिंग, बांधकाम असं हातानेच शिकवायला लागले. अमेरिकेत एमआयटीमध्ये नील गर्शेनफेल्ड १९९८ पासून 'जवळजवळ काहीही कसं बनवायचं' अशा नावाचा वर्ग घेत होते, त्यातून फॅब लॅबची, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मशीनवर कुणालाही वस्तू बनवता येतील अशा कार्यशाळेची कल्पना निघाली, आणि एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये कुठे उभी राहिली? पाबळला. बोस्टनहून लंडनला नाही गेली ती, पाबळला आली. कारण तिथे आधीच हाताने काम करणारी पोरं होती. कॉम्प्युटरवरचं मशीन त्यांच्या हातात नंतर आलं, पण ते आलं तेव्हा त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे त्यांना ठाऊक होतं. मी जे पुठ्ठा पुठ्ठा म्हणून डोकं खाते तुझं, ते दुसरं काय आहे?

कलबाग २००३ मध्ये गेले. मी त्या काळात राजगुरुनगरला एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगच्या कामाला जात होते. पाबळ तिथून काही लांब नाही. जाऊ, जाऊ म्हणत राहिले आणि जाणं झालंच नाही. ही एक रुखरुख मला आहे. तू जा. फोन करून, वेळ घेऊन जा, आणि सेल्फी काढून परत येऊ नकोस, दिवसभर थांब.

'तुम्ही स्वतःचं काही का नाही करत?' असंही तू मागे विचारलं होतंस, आठवतं? चांगलाच झोंबला होता तो प्रश्न. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांचं काम माझ्या मशीनवर येऊन पडलं. तेव्हापासून मी बहुतेक दुसऱ्यांचीच डिझाइनं कापतेय: मखरं, नावाच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, बारशाचे टॅग. माझी डिझाइनं वहीत आहेत. पण मशीनचा हप्ता वहीतून भरता येत नाही. काचेची लेझर ट्यूब काही जन्मभर पुरत नाही, ती बदलायची वेळ आली की बाकी सगळे विचार बाजूला पडतात. आणि तुला सांगते, दुसऱ्यांची कामं करूनच मला ही पुठ्ठ्याची सवय लागली. लोक फाइल घेऊन येतात, मी म्हणते, आधी पुठ्ठ्यात एक तुकडा कापून घेऊ. निम्मे वैतागतात. काही जण दुसऱ्या दुकानात जातात. मला 'पुठ्ठेवाली बाई' म्हणतात हेही माझ्या कानावर आहे. म्हणोत. माझ्याकडून गेलेलं मखर आरतीच्या वेळी कललं, असं अजून कुणी येऊन सांगितलेलं नाही.

असो. हे पुराण तुला कशाला.

थ्रीडी प्रिंटर सध्या घेऊ नकोस. कंदिलाची कडी छापायचीय म्हणतोस, ती कॉलेजच्या प्रिंटरवर छाप, आडवी झोपवून. उभी छापलीस तर थर एकावर एक बसतात आणि वजन त्यांना एकमेकांपासून ओढतं, मग थरातून तुटते. पीएलए, म्हणजे प्रिंटरचं ते नेहमीचं प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, तेव्हा आत जुना पिवळा बल्ब लावणार असशील तर कडी तारेचीच कर. खरं तर तारेचीच कर. पक्कड आहे ना घरी?

सनबोर्डबद्दल मात्र रागावूनच सांगते. फोटोत मागे सनबोर्ड दिसतोय. तो लेझरमध्ये घालायचा विचारही करू नकोस. बाजारात सनबोर्ड म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं पीव्हीसी, म्हणजे क्लोरिन असलेलं प्लास्टिक असतं, रेक्झिनही तसंच. पीव्हीसी लेझरखाली जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो छातीलाही वाईट आणि मशीनलाही, आतल्या लोखंडाला गंज धरतो. शंका आली तर चाचणी सोपी आहे. तांब्याच्या तारेचं टोक पक्कडीत धरून गॅसवर लाल कर, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत. मग ते तापलेलं टोक प्लास्टिकला टेकव, थोडं वितळून चिकटू दे, आणि पुन्हा ज्योतीत धर. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरिन आहे. खिडकी उघडी ठेवून कर, आणि आई स्वयंपाकघरात नसताना.

एमडीएफलाही माझा विरोधच आहे, कंदिलापुरता. दिवाळीत पाऊस येतो हल्ली. पाणी लागलं की एमडीएफच्या कडा फुगतात आणि त्या परत बसत नाहीत. पातळ प्लाय घे, दोन हात वॉर्निश दे.

आता दिवे. ६० दिव्यांची डब्ल्यूएस२८१२ पट्टी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो ती एलईडीची) घेतलीयस आणि ती मोबाइलच्या चार्जरवर 'वेड्यासारखी करते' असं लिहिलंयस. करणारच. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. साठ दिवे म्हणजे ३.६ अँपिअर. तुझ्या चार्जरवर २ लिहिलंय, फोटोत वाचता येतं. ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा वेगळा सप्लाय आण, पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळेल. सप्लायचा आणि अर्डुइनोचा, म्हणजे दिव्यांना हुकूम देणाऱ्या त्या छोट्या बोर्डाचा, ग्राउंड (उणे बाजू) एकत्र जोड. डेटाच्या तारेत तीनशे ते पाचशे ओहमचा एक रेझिस्टर. पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर, उणे-अधिक बघून. आणि सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी हे सगळं ब्रेडबोर्डवर, सोल्डर न करता तारा नुसत्या खोचून. ब्रेडबोर्ड म्हणजे विजेचा पुठ्ठाच आहे, एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे. अर्डुइनो इटलीत इव्रिया गावात २००५ मध्ये निघालं ते डिझाइन शिकणाऱ्या पोरांसाठी, ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नव्हतं. तुला डिप्लोमाला सर्किटं आहेत, तरी घाबरतोस?

त्याहून आधी एक कर. पुठ्ठ्याच्या त्या अर्ध्यामुर्ध्या कंदिलात आतून पतंगाचा कागद लाव, खोलीतला दिवा घालव आणि आत मोबाइलचा टॉर्च ठेव. भिंतीवर सावली कशी पडते बघ. तू जी बारीक जाळी काढलीयस ना तुकड्यांवर, ज्यात तुझ्या तीन रात्री गेल्या असं म्हणतोस, ती कागदामागून बहुतेक दिसणारही नाही. मोठी छिद्रं दिसतील. हे तुला स्क्रीन सांगणार नाही आणि डिझाइनचा कोर्सही सांगणार नाही.

तर मग काय शिकू, हा प्रश्न राहिलाच की. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, आणि खरं सांगू, तुझ्या वयात ते कुणाकडे असेल यावर माझा विश्वासही नाही. हा कंदील पुरा कर. करताना जिथे अडशील ते शीक. खाचेत अडलास तर मोजमाप, उजेडात अडलास तर सर्किट. या दिवाळीला तुमच्या दारात तो लागला नाही तरी चालेल, पुढच्या वर्षी लागेल. पण अर्धवट टाकून दुसरा प्रोजेक्ट उघडलास तर मला त्याचे फोटो पाठवू नकोस.

शनिवारी दुपारनंतर मशीन रिकामं आहे. पुठ्ठ्याचे तीन तुकडे शिवून आणलेस तर प्लाय माझ्याकडून, कापायचे पैसेही घेणार नाही. नुसती फाइल आणलीस तर इतर गिऱ्हाइकांसारखे मिनिटावर लागतील. आईला सांग, जेवायला इकडेच आहेस. वरणभातच असेल, सकाळी मखराची एक ऑर्डर पोचवायचीय, त्यामुळे दुसरं काही करायला वेळ नाही.

तुझी,
मावशी